आत्या, वडील, मी आणि माझी लेक

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातोय. "मॅडम, तुम्ही ती कॅन्सरसाठीची रक्ताची जेनेटिक टेस्ट केलीत म्हणे. आम्हीपण करावी का?" विचारणाऱ्यांत माझ्याबरोबरच्या निवृत्त नर्सिंग ऑफिसर आहेत, सुभेदारांच्या बायका आहेत, वीरनारी आहेत, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारणी आहेत. लिफ्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आणि अर्धवट उत्तर ऐकून कोणी उगाच घाबरून बसली किंवा उगाच निर्धास्त झाली, तर ते माझ्या जिवाला लागेल. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. आता साळुंके विहारात राहते. नोकरीची शेवटची वर्षं वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेली. सैन्यात होते तोवर दरवर्षी मेडिकलची तारीख यायची. जावंच लागायचं. वजन, रक्तदाब, साखर, आणि बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी. त्यांची सही नसेल तर फॉर्म पुढे सरकत नसे, त्यामुळे टाळाटाळ करणारीचीही तपासणी होऊन जायची. निवृत्तीच्या दिवसापासून हे बोलावणं बंद होतं. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड हातात असतं, पॉलिक्लिनिक जवळ असतं, पण ते कार्ड आपण आजारी पडून गेल्यावर चालतं. 'बाई, तुमची मॅमोग्राफी राहिली आहे, या' असा निरोप कोणी धाडत नाही. आणि स्तनाचा काय किंवा गर्भाशयाचा काय, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो तो नेमका याच वयात.

माझ्या स्तनाच्या कॅन्सरचं निदान मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, झालं. हाताला गाठ लागत नव्हती, दुखत नव्हतं, कातडीवर काही नव्हतं. फिल्मवर डाव्या बाजूला कॅल्शियमचे बारीक ठिपके आणि त्यांच्या शेजारी एक छोटी सावली दिसली. सुईची बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. काखेतल्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. पहिल्या भेटीत ऑन्कॉलॉजिस्ट बाईंनी घरातल्या आजारांची चौकशी केली. आईकडे कोणालाच नाही, पण वडिलांकडे आहे, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन असं आमचं घराणं मांडायला घेतलं. ज्यांना कॅन्सर झाला त्यांचे गोल-चौकोन काळे करायचे. आमच्या कागदावर वडिलांच्या पिढीत दोन काळे झाले: आत्या आणि खुद्द वडील.

आत्याबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे. आमचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, आपशिंग्याच्या बाजूचं. आपशिंगे म्हणजे पहिल्या महायुद्धात ज्या गावचे 46 जवान कामी आले ते गाव. त्या सगळ्या पट्ट्यात घराघरांत फौजी. आत्या आमच्या आजीची सगळ्यात धाकटी लेक. तिचे यजमानही पलटणीत होते, वर्षातून एकदा रजेवर यायचे. तिच्या छातीत गाठ आली तेव्हा ती चाळिशीच्या आतली होती. तिने ती पदराखाली झाकून ठेवली. सासूला सांगितलं नाही, जावेला सांगितलं नाही. यजमान सुट्टीवर येतील तेव्हा बघू, असं धरून चालली. ते आले तोवर गाठ फुटली होती. मिरजेला नेलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. मी तेव्हा शाळेत होते. तिची आठवण म्हणजे दंडावरचं गोंदण आणि चुलीपुढे बसून आमच्या ताटात वाढलेली भाकरी. गावात कोणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. 'बाहेरचं काहीतरी झालं' असंच बोललं गेलं, आणि तिच्या लेकी तेच ऐकत वाढल्या.

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सत्तरीच्या आत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. पाठदुखी म्हणून सुरू झालं आणि कळलं तेव्हा हाडांत पसरलं होतं. आत्याचा आजार बाईचा आणि वडिलांचा पुरुषाचा, त्यामुळे हे दोन्ही एका सुताने बांधलेले असतील असं आमच्या घरात कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

ते सूत म्हणजे बीआरसीए 2. सगळे त्याला 'ब्राका टू' म्हणतात. हे जनुक आपल्या सगळ्यांत असतं, बायकांत आणि पुरुषांतही. डीएनएचा धागा तुटला तर तो जोडण्याच्या कामात त्याचा वाटा असतो. जनुकातच बिघाड असेल तर ती जोडणी नीट होत नाही, आणि चुका साठत जाऊन कॅन्सरची वाट मोकळी होते. बीआरसीए 1 चा शोध 1994 चा, बीआरसीए 2 चा 1995 चा. म्हणजे आत्या गेली तेव्हा जगात कोणालाच ही चाचणी करता आली नसती. घातक बिघाड असलेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास असते. बीजाशयाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए 2 मध्ये शंभरात सतराच्या आसपास आणि बीआरसीए 1 मध्ये त्याहून बरीच जास्त, चाळीसच्या पुढे. पुरुषांत बीआरसीए 2 मुळे प्रोस्टेटचा धोका वाढतो, तोही आक्रमक जातीचा. पुरुषाच्या छातीतला कॅन्सरही होतो. तो एरवी इतका विरळ की पुरुषांना त्याची कल्पनाच नसते.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. वडिलांकडून मला, हे उघड होतं.

आता मूळ प्रश्न: चाचणी करावी का? सगळ्यांनी नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहाच जणींचा आजार असा घराण्यातून आलेला असतो. मात्र कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, 'ट्रिपल निगेटिव्ह' (गाठीच्या तपासणीतल्या तिन्ही खुणा नसलेल्या) जातीचा असेल, घरात बीजाशयाचा कॅन्सर असेल, पुरुषाला स्तनाचा झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या नात्यात दोघा-तिघांना स्तन, बीजाशय, स्वादुपिंड, प्रोस्टेट असं काही झालं असेल, तर विचारलंच पाहिजे. आणि बाजू म्हणताना वडिलांची बाजू आईच्या इतकीच मोजायची. आपल्याकडे बायकांचे आजार आईकडून येतात असं धरून चालायची सवय आहे. ब्राका असं काही पाहत नाही. बापात असेल तर प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी.

दुसरं, चाचणीची सुरुवात आजारी माणसापासून करावी. आई कॅन्सरची रुग्ण, हयात, आणि तिला सोडून निरोगी मुलीचं रक्त पाठवलं, असं मी खूपदा बघते. मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावरून काही ठरत नाही, कारण आईत बिघाड होता का हेच माहीत नसतं. आधी आईची चाचणी, तिच्यात सापडलं तर नेमकी तीच जागा मुलीत शोधायची. घराण्याची जागा एकदा कळली की पुढच्यांची चाचणी स्वस्त होते. सबंध पॅनेलला, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासायला, हजारो रुपये पडतात, एका जागेच्या शोधाला त्याच्या काही हिश्श्यात काम होतं. तिसरं, काही रिपोर्टांवर 'व्हीयूएस' लिहून येतं. बदल दिसला, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्या जोरावर कोणी अवयव काढायचा सल्ला दिला तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. रक्त देण्याआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोलणं म्हणूनच गरजेचं असतं. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत अशा काउन्सेलर आता भेटतात, आणि टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिकही लांब नाही.

रिपोर्टमुळे माझे उपचार बदलले. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया करायची की एकाच बाजूची, बीजाशयं आणि नळ्या काढायच्या का, हे सगळं नव्याने ठरलं. मी बीजाशयं काढून टाकली. माझं वय झालं होतं, मला तो निर्णय जड गेला नाही. जड गेलं ते पुढचं काम.

ईसीएचएस 2003 साली सुरू झाली आणि मी तिचं ऋण मानते. माझी शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या तिच्या आधाराने झाल्या. पण कार्डावरचं कुटुंब वेगळं आणि रक्ताचं कुटुंब वेगळं. नवरा कार्डावर असतो, त्याच्याशी माझ्या जनुकाचा संबंध नाही. लग्न झालेली, कमावती मुलगी कार्डावर नसते, आणि माझा रिपोर्ट सगळ्यात आधी लागू होतो तो तिलाच. बहीण, भाऊ, चुलत भावंडं, त्यांची पोरं यांच्यापर्यंत ना हॉस्पिटल पोचणार ना पॉलिक्लिनिक. कायदाही तसा. डॉक्टर माझा रिपोर्ट माझ्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू शकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणजे निरोप पोचवायचा तर मीच पोचवायचा. फौजी घरातून हे आणखी अवघड असतं. आम्ही भावंडं वेगवेगळ्या छावण्यांत वाढलो, कोण कशाने गेलं हे कोणाला धड माहीत नसतं, तेराव्याला भेट होते तेव्हा आजाराचं नाव कोणी काढत नाही.

सगळ्यात आधी लेकीला सांगितलं. ती बावधनला राहते, आयटीत आहे, एकतिशीची. मी रिपोर्ट पुढे ठेवला, तिने शांतपणे वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, तुला आता कसं वाटतंय?" तिची चाचणी पॉझिटिव्ह आली. अशा मुलींना पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी करायला सांगतात. बीजाशयं काढायची वेळ बीआरसीए 2 मध्ये साधारण चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, बीआरसीए 1 मध्ये त्याआधीच, पस्तीस ते चाळीस. म्हणजे दुसरं मूल हवं का, कधी हवं, हे तिला आणि जावयाला तारखा समोर ठेवून ठरवावं लागतंय. ते दोघं समजूतदार आहेत. तरी ते बोलत असले की मी उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्याकडून हे तिच्यात गेलं, हे कितीही शास्त्र माहीत असलं तरी मनाला टोचतंच.

धाकट्या बहिणीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिला मिठी मारली, आणि लगेच हेही सांगितलं की आता तुझा धोका चारचौघींएवढाच राहिला, पण चारचौघींएवढा तो आहेच. मॅमोग्राफी सोडायची नाही.

चुलत भावाला पटवायला वेळ लागला. तो सुभेदार म्हणून निवृत्त झाला, खडकीला असतो. "आक्का, ही बायकांची टेस्ट. मला कशाला त्यात वडतीस?" मी म्हटलं, "तुझा बाप आणि माझा बाप एकाच आईचं दूध प्याले. माझे वडील कशाने गेले ते तू डोळ्यांनी बघितलंयस." तो गप्प राहिला. मग त्याची बायको मध्ये पडली, "स्वतःचं नाही, तर तुमच्या लेकींचं बघा की. दोघी आहेत." त्याच वाक्याने तो तयार झाला. पॉझिटिव्ह निघाला. ब्राका टूच्या पुरुषांनी चाळिशीपासून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची, रक्ततपासणी सुरू करावी असं सांगतात. त्याची ती आता चालू आहे आणि आजवर ठीक आहे. स्वतःचं ईसीएचएस कार्ड त्याच्याकडे आहे. थोरल्या लेकीची चाचणी त्याने स्वतःच्या पैशाने केली. तिच्यात बिघाड नाही. धाकटी खडकवासल्याला एनडीएत जायचं स्वप्न बघणारी, बारावीतली पोरगी. 30 मे 2025 ला एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या, तेव्हापासून तिच्या खोलीत त्यांचा फोटो लावलेला आहे. तिची चाचणी आत्ता करायची नाही, हे मी भावाला ठामपणे सांगितलं. सज्ञान नसलेल्या मुलांची ही चाचणी करत नाहीत, आणि पंचविशीच्या आत त्यावर करायची तपासणीही नसते. ती मोठी झाली की तिची ती ठरवेल. तोवर तिला धावू दे.

आता गर्भाशयाबद्दल. त्याविषयी कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम.

माझी एक मैत्रीण सैन्यात शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, होती. बिगर-वैद्यकीय शाखांत बायकांना 1992 पासून घ्यायला लागले, त्या सुरुवातीच्या बॅचमधली. काही वर्षं नोकरी केली, पेन्शन न मिळता बाहेर पडली, पुढे पुण्यात शाळेत शिकवलं. त्या काळच्या सगळ्या मुली आता पन्नाशीत आहेत. भारतीय सैन्याच्या निवृत्त बायका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आम्ही नर्सेस आणि डॉक्टर येतो, पण ही दुसरी फळीही आता या वयाला पोचली आहे. 2019 मध्ये शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही एकरकमी पैसे भरून ईसीएचएस घेण्याची सोय झाली. तिने ती घेतली होती.

पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली आणि तिला एक दिवस डाग दिसला. थोडासाच, गुलाबी. तिची पॅप स्मिअर काही महिन्यांपूर्वी स्वच्छ आली होती, म्हणून एकीने तिला सांगितलं की काळजीचं कारण नाही. हा समज फार जणींचा आहे. पॅप स्मिअर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी असते. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, तो त्या तपासणीत बहुतेकदा दिसत नाही, आणि सगळ्यांना लावावी अशी चाळणी-तपासणी त्याला अजून नाही. पण त्याच्याकडे स्वतःची खूण आहे. अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहातल्या नऊ बायकांना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेला असतो. उलट बाजूने बघितलं तर असा रक्तस्राव होणाऱ्या शंभरात साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो, बाकीच्यांचं कारण किरकोळ असतं. म्हणून घाबरायचं नाही, पण थांबायचंही नाही. पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. चार मिलिमीटरच्या वर असेल, किंवा स्राव पुन्हा झाला, तर बारीक नळीने नमुना घेतात. ते ओपीडीत होतं, थोडं दुखतं, संपतं.

तिचं अस्तर जाड होतं, नमुन्यात कॅन्सर निघाला, दुर्बिणीतून गर्भाशय काढलं. पहिल्या टप्प्यातच होता. नंतर पॅथॉलॉजिस्टने गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावर चार प्रथिनांची तपासणी केली, आणि त्यांतली दोन गायब निघाली. पुढे रक्तातून पक्कं झालं, लिंच सिंड्रोम. हाही घराण्यातून येणारा बिघाड. एमएलएच 1, एमएसएच 2, एमएसएच 6, पीएमएस 2 ही त्याची जनुकं. अस्तराच्या कॅन्सरच्या शंभरात तीनेक जणींना तो असतो, आणि त्याच बिघाडाने मोठ्या आतड्याचाही कॅन्सर होतो. तिची आई आतड्याच्या कॅन्सरने गेली होती. तिचे दोन्ही भाऊ फौजेत. मैत्रिणीने दोघांना फोन लावला, एकाची कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, झाली, त्यात मोडासारखी गाठ निघाली, ती कॅन्सर होण्याआधीच्या अवस्थेत काढून टाकली. बहिणीच्या गर्भाशयामुळे भावाचं आतडं वाचलं. मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली, तरी हे ऐकताना अंगावर काटा आला.

लिंचची कहाणी सुरू होते तीही एका बाईच्या बोलण्यातून. 1895 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर बाईच्या आजाराने जातात. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, तिच्या घराण्याची यादी करत बसले आणि 1913 मध्ये ती छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. तिला घराण्याचं जे माहीत होतं ते विज्ञानाच्या कितीतरी आधी माहीत होतं. आपल्या आज्या-मावश्याही असं बोलतात. 'आमच्यात बायका टिकत नाहीत' असं कोणी म्हटलं तर विषय बदलू नका, वही काढा.

टॅमॉक्सिफेनबद्दल एक वाक्य. घोरपडीच्या एका वीरनारीला स्तनाच्या कॅन्सरनंतर ती गोळी चालू आहे, आणि गोळीने अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, तिचा फायदा मोठा आहे. पण डाग दिसला तर लगेच सांगायचं.

आमच्या नर्सेसच्या मनात एक वेगळाच सल असतो: "मॅडम, नाइट ड्यूट्यांमुळे झालं का हो?" जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं आणि 2019 मध्ये ते कायम ठेवलं. म्हणजे प्रश्न वेडगळ नाही. पण एका बाईच्या बाबतीत बोट दाखवून हेच कारण असं कोणालाही म्हणता येत नाही. मी त्यांना एवढंच सांगते, ज्यांची सेवा तुम्ही रात्र-रात्र जागून केली त्यांच्याइतकाच तपासणीवर तुमचा हक्क आहे.

अमेरिकेत सैन्यातून निवृत्त झालेल्या बायका 20 लाखांच्या घरात आहेत, आणि तिथे या विषयावर कायदे झाले. केट हेंड्रिक्स थॉमस ही मरीन ऑफिसर इराकमध्ये होती. तिथे छावणीचा सगळा कचरा, प्लास्टिक, इंधन उघड्या खड्ड्यांत जाळत. 38 व्या वर्षी तिच्या स्तनाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात सापडला. ती 2022 च्या एप्रिलमध्ये गेली आणि जूनमध्ये तिच्या नावाचा कायदा झाला: अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांना चाळिशीच्या आतही धोका तपासून मॅमोग्राफी द्यायची. त्याच दिवशी दुसऱ्या कायद्यावरही सही झाली, त्यात दूरच्या भागांत मॅमोग्राफी पोचवणं आहे आणि कॅन्सर झालेल्या निवृत्त सैनिकांना ब्राकाची चाचणी कितपत मिळते याचा अभ्यासही. तिथल्या निवृत्त सैनिकांच्या खात्याची जेनेटिक्सची सेवा सॉल्ट लेक सिटीहून चालते, काउन्सेलर व्हिडिओवरून देशभरच्या रुग्णांशी बोलतात. आपल्याकडे पॉलिक्लिनिकं देशभर पसरलेली आहेत, त्यांच्यात संगणक आहेत, प्रत्येक कार्डधारक बाईचं वय त्यांच्या नोंदीत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकीला वर्षातून एक संदेश जावा आणि नोंदणीच्या कागदावर वडिलांकडचे-आईकडचे कॅन्सर असे दोन रकाने असावेत, एवढं मी लेखी मागितलं आहे आणि मागत राहीन.

उशीर काय करतो हे आकड्यांत दिसतं. 2022 मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आणि 98 हजार मृत्यू झाले. अमेरिकेत नवे रुग्ण 2 लाख 74 हजार आणि मृत्यू 43 हजारांच्या आसपास. आपल्याकडे मशीन नाही म्हणून हात टेकायचेही कारण नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. गावाकडच्या माझ्या वहिनींना मी हेच सांगते: साताऱ्याला मॅमोग्राफीला जाणं जमेल तेव्हा जमेल, आधी नर्सबाईंकडून हाताने तपासून घ्या.

आत्याच्या दोन लेकींपैकी थोरलीला मी गाठलं. कराडला असते. तिचं रक्त गेलंय, रिपोर्ट यायचाय. धाकटी लग्नानंतर बेळगावकडे गेली आणि तिचा फोन नंबर घरात कोणाकडे नाही. जिथे तिचं सासर होतं त्या गावच्या पोस्टमनपर्यंत चुलत भाऊ पोचला आहे. नंबर मिळाला नाही तर पावसाळा संपल्यावर आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत, रिपोर्टची प्रत बरोबर घेऊन.